पँटीला चिकटलेलं रान

गणपती आटोपले, पाऊस जरा मागे सरला, की रविवारी संध्याकाळी बदलापूर स्टेशनात चंदेरीहून आणि कोंडेश्वराहून परतणारे घोळके दिसू लागतात. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेरडा असतो, कुर्डूचे तुरे असतात, कड्यावरची सोनकी असते आणि सोनकीत मुद्दाम बसवलेला एखादा मित्रही असतो. रानाचा याहून भक्कम पुरावा त्यांच्या गुडघ्याखाली असतो, पण तिकडे कॅमेरा वळत नाही. पँटीच्या शिवणीला आघाड्याची फळं लटकलेली असतात, मोज्यांत कुसळं शिरलेली असतात, बुटाच्या नाडीला लांडगा अडकलेला असतो. लांडगा म्हणजे ते अंगभर आकडे असलेलं बोटाच्या पेराएवढं फळ. कर्जतहून येणारी लोकल दिसेपर्यंत मंडळी वाकून हे सगळं उपटतात आणि फलाटावर टाकून देतात.

हे प्रकरण त्या टाकून दिलेल्या ऐवजाबद्दल आहे. फुलाचा फोटो झाडाची ओळख पटवतो आणि ते काम मोठंच आहे. पण झाड जिथे उगवतं तिथल्या दगडाशी, भिंतीशी, पाण्याशी, जनावराशी आणि माणसाशी त्याचे काही व्यवहार चाललेले असतात. त्यांच्या खुणा मागे राहतात, पुष्कळदा झाड वाळून गेल्यावरही राहतात, आणि त्या टिपायला महागडी लेन्स लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ओळीने येणारी तीन स्टेशनं या कामाला फार सोयीची. एकीकडे मलंगगड, तावली, चंदेरीची रांग, दुसरीकडे उल्हास नदी, आणि मधल्या पट्ट्यात छोटी वालधुनी नदी, कारखाने, निर्वासितांचं गाव आणि साडेनऊशे वर्षांहून जुनं दगडी देऊळ.

पँटीपासूनच सुरुवात करू. घरी आल्यावर ती झटकू नका. खिडकीजवळ पांढरा कागद पसरा, एकेक फळ चिमट्याने काढून त्यावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि उजेड एकाच बाजूने येईल असं बघा. समोरून फ्लॅश मारला तर काटे सपाट दिसतात. आडव्या उजेडात प्रत्येक काट्याची सावली पडते आणि तो कुठे वळलाय ते कळतं. आघाड्याचं पान आपल्या ओळखीचं, कारण ते गणपतीच्या आणि मंगळागौरीच्या पत्रीत असतं. फळाकडे मात्र कोणी बघत नाही. उंच दांडीवर ही फळं खाली तोंड करून चिकटलेली असतात आणि प्रत्येकाला टोकदार छदं असतात. जाणाऱ्या-येणाऱ्याचं कापड दांडीला घासलं की फळ निखळतं आणि त्याच्याबरोबर चालू लागतं. रानात असतानाच पायवाटेला लागून असलेली दांडी आणि दहा पावलं आतली दांडी असे दोन फोटो घेऊन ठेवा. त्या वाटेने किती वर्दळ आहे, याचा अंदाज दोन्ही शेजारी ठेवल्यावर येतो.

कुसळाची गोष्ट आणखी नवलाची. कुसळी गवताच्या दाण्याला एका टोकाला अणकुचीदार अणी असते, तिच्यावर मागे वळलेले राठ केस असतात आणि दुसऱ्या टोकाला लांब शेपूट असतं. कोरड्या हवेत या शेपटाला पीळ भरतो. ओल लागली की पीळ सुटतो. दिवसा ऊन, रात्री दव, असं चक्र चालू असताना शेपूट आळीपाळीने पिळतं आणि उलगडतं, आणि त्या फिरण्याने दाणा जमिनीत रुतत जातो. केस मागे वळलेले असल्यामुळे गेलेला दाणा परत बाहेर येत नाही. मोज्यातून कुसळ ओढून काढताना जो राग येतो त्याचं कारणही हेच. मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीपर्यंत ते पोचतं, म्हणून मेंढपाळ पिकलेलं कुसळी टाळतात. याचा स्थिर फोटो काढण्यात अर्थ नाही. ओल्या टीपकागदावर कुसळ ठेवा, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि व्हिडिओ सुरू करा. मिनिटाभरात ते हलायला लागतं. मेलेलं, वाळलेलं, झाडापासून तुटलेलं हे शेपूट नुसत्या पाण्याच्या थेंबावर फिरत राहतं, हे पाहिल्यावर मुलं ते दाखवायला शेजाऱ्यांना बोलावून आणतात.

लांडगा मूळचा अमेरिकेतला. तलावाचं किंवा धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर त्याची दाटी होते. फळ उभं चिरून फोटो काढला तर आत दोन बिया दिसतात. साधारणपणे त्यातली एक आधी रुजते आणि दुसरी मागे थांबते. पहिली उन्हाने किंवा गुरांनी मेली तर दुसरीची पाळी. एवढ्याशा फळात केलेली ही तजवीज बाहेरच्या आकड्यांपेक्षा मला जास्त पटते.

आता फलाटावर टाकलेल्या बियांकडे वळू. रेल्वेमार्ग हा तणांचा जुना रस्ता आहे. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे नोंदलं गेलं आणि तिथून रस्ते, लोहमार्ग, धान्याची पोती यांच्या सोबतीने देशभर पसरलं. आज कल्याण-कर्जत पट्ट्यात स्टेशनाच्या कुंपणापाशी ते सहज दिसतं. फलाटाच्या टोकाला भेगेत काय उगवलंय याचा दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढणं हा फुकटातला आणि उत्तम उद्योग आहे. तो फलाटावरूनच करावा. रुळांत उतरणं गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. तीच गोष्ट अंबरनाथच्या आयुधनिर्माणीची: कुंपणाआड कितीही हिरवळ दिसली तरी तिथे कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

भिंतींसाठी उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती; फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला आजचं नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. अशा जुन्या बांधकामाचा लाडका भाडेकरू म्हणजे पिंपळ. त्याचं बी अगदी बारीक. बुलबुल, तांबट, कोकीळ फळ खातात आणि गच्चीच्या कठड्यावर बसून बी तिथेच टाकतात. भेगेत चिमूटभर धूळ साचलेली असली की रोपाला पुरे. मग मूळ भेगेतून खाली उतरतं, जाड होतं आणि भेग रुंद करतं. घरमालक फांद्या तोडतो, मूळ आत राहतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पानं. रोप वेळीच उपटलं तर भिंतीवर मुळांची तपकिरी जाळी उरते, आणि नेमकी तीच टिपायची असते. सकाळी किंवा उतरत्या दुपारी, ऊन भिंतीला घासून जात असताना फोटो काढा. भर दुपारी ती जाळी निव्वळ डाग दिसते.

अंबरनाथच्या शिवमंदिरात हाच प्रश्न वेगळ्या वजनाचा होतो. शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे भूमिज शैलीचं देऊळ वालधुनीच्या काठी उभं आहे. दगडांच्या सांध्यात रुजलेलं रोप वरून कापून भागत नाही आणि मुळासकट ओढलं तर कोरीव दगड हलण्याची भीती असते. एकोणिसाव्या शतकात या देवळाचे फोटो काढले गेले ते शिल्पासाठी. अशा जुन्या फोटोंत आलेली झुडपं त्या छायाचित्रकाराला अडगळ वाटली असतील, आपल्याला ती हवी आहेत. मूळ छायाचित्रकार जिथे उभा होता तिथेच उभं राहून आजचा फोटो घ्यायचा आणि कोणत्या सांध्यात काय होतं, आता काय आहे, हे ताडून पाहायचं. जगभर हिमनद्या आणि जंगलं यांच्या अभ्यासात ही पद्धत वापरतात. देवळाच्या शिखराला लावायला कोणाची हरकत नसावी.

दगडावरचे करडे, पांढरट, नारिंगी चट्टे म्हणजे दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. काटेकोरपणे ही वनस्पती नव्हे, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे. त्यातल्या अनेक जातींना हवेतला गंधकाचा धूर सोसत नाही. त्यामुळे चंदेरीच्या कातळाचा आणि औद्योगिक वसाहतीजवळच्या कातळाचा एकेक फोटो, दोन्ही सारख्याच अंतरावरून, मोजपट्टी ठेवून, एवढं साहित्य विचाराला भरपूर आहे.

आणि गच्ची? पावसाळ्यात जंगली बदामाचं किंवा सागाचं पान ओल्या सिमेंटवर दोन-चार दिवस पडून राहिलं की त्यातलं टॅनिन पाण्यात उतरून सिमेंटच्या छिद्रांत मुरतं. पान वाऱ्याने उडून जातं, खाली त्याचा तपकिरी ठसा राहतो, देठासकट, कधी मुख्य शिरेसकट. पूर्वी हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून लिहायची काळी शाई करत, त्यामागे टॅनिन आणि लोह यांचीच जोडी असते. हा ठसा काही आठवड्यांत उन्हापावसाने फिका होतो, म्हणून दिसला की लगेच टिपावा, अगदी वरून, कॅमेरा जमिनीला समांतर धरून. ठसा ओला असताना गडद दिसतो. कोरडा झाला असेल तर त्यावर पाणी शिंपडून बघा.

छायाचित्रणाचा जन्मच अशा ठशांतून झाला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट १८३० च्या दशकात प्रकाशाला दाद देणाऱ्या कागदावर पानं ठेवून उन्हात धरत असे. कॅमेरा नाही, लेन्स नाही, नुसती पानाची सावली. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये निळ्या छापाची रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी ब्रिटनमधल्या शेवाळांचे त्या रीतीने छाप काढून पुस्तकाचा पहिला भाग तयार केला. छायाचित्रांनी सजवलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच हर्शेलने त्याच वर्षी फुलापानांच्या रसांवर उन्हाचा काय परिणाम होतो तेही तपासलं होतं, आणि हे आपल्या स्वयंपाकघरात करून पाहण्याजोगं आहे.

हळद घ्या, ती स्पिरिटमध्ये कालवा, गाळा. जाड ड्रॉइंगच्या कागदावर तो रंग अंधाऱ्या खोलीत ब्रशने सारखा लावा आणि वाळू द्या. त्यावर नेचा किंवा टाकळ्याची फांदी ठेवून वर फोटोफ्रेमची काच दाबा आणि कडक उन्हात काही तास ठेवा. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो. पानाखालचा उडत नाही. मग टाकणखाराचं पाणी फिरवलं की उरलेली हळद तांबूस होते आणि पान उठून दिसतं. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे याचं रसायन वेगळं समजावायला नको. हा छाप कायमचा टिकत नाही. भिंतीवर लावलात तर उन्हात जाईल. वहीत मिटून ठेवा आणि आधी त्याचा फोटो काढून घ्या.

या पट्ट्यातली सगळ्यात मोठी खूण मात्र नदीकाठी असते, आणि ती पावसाळ्यातच मिळते. उल्हास नदी फुगते तेव्हा आपल्याबरोबर जलपर्णी, गवताच्या पेंढ्या, वेली, बांबूचे तुकडे आणि अर्थातच प्लास्टिक घेऊन निघते. पाणी ओसरलं की हा सगळा पसारा कुंपणाच्या तारांवर, पुलाच्या कठड्यावर, काठावरच्या झाडांच्या फांद्यांत लटकत राहतो. त्याच्या वरच्या कडेची रेघ म्हणजे पाणी कुठवर आलं होतं त्याची निशाणी. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या घराघरात आठवणीत आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा पुरानंतर वर्तमानपत्रांत होड्यांचे आणि हेलिकॉप्टरचे फोटो येतात. चौथ्या दिवशी फांदीला लटकलेल्या वाळक्या जलपर्णीचा फोटो कोणी काढत नाही. वास्तविक तिथे एखादा माणूस उभा करून, पुलाच्या खांबाचा क्रमांक किंवा विजेच्या खांबाची पाटी चौकटीत घेऊन काढलेला फोटो पूररेषेच्या वादात नकाशाइतका बोलका ठरू शकतो. आडवी झालेली लव्हाळी आणि रोपं कोणत्या दिशेला झुकलीत तेही टिपा. त्यावरून प्रवाह कुठून शिरला ते कळतं. पानांवर बसलेला गाळ पहिल्या मोठ्या सरीत धुऊन जातो, त्यामुळे उशीर चालत नाही.

जलपर्णीबद्दल एक इशारा. तिचं जांभळं फूल देखणं आहे, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका आहे, आणि संथ पाण्यावर ती फुलली की फोटो हमखास सुंदर येतो. ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन माजते. नुसतं फूल घेतलं तर फोटो खोटा नसतो, पण अर्धवट असतो. एक फोटो फुलाचा, एक देठाच्या आडव्या कापाचा, ज्यात हवेचे कप्पे दिसतात (उल्हासनगरच्या बाजारात सिंधी गिऱ्हाइकं आवडीने घेतात त्या कमळकाकडीची भोकंही हवेसाठीच असतात), आणि एक त्या नाल्याचा जो तिला खाऊ घालतो.

वालधुनीच्या काठी रंगांची पंचाईत होते. अंबरनाथजवळच्या डोंगरांतून निघून, देवळाला वळसा घालून, उल्हासनगरातून कल्याणकडे जाणारी ही छोटी नदी प्रदूषणापायी हरित लवादापर्यंत गाजली. काठावर एरंड, बेशरम, पाणकणीस यांचं राज्य. मोबाइल अशा जागी आपण होऊन रंग सुधारतो: पाणी जरा निळसर, पानं जरा हिरवी. बातमीदारीच्या दृष्टीने ही लबाडीच झाली. चौकटीच्या कोपऱ्यात एक पांढरा कागद धरून फोटो काढा. नंतर त्या कागदाच्या आधारे खरा रंग परत मिळवता येतो आणि पानाच्या कडा करपल्या आहेत की फोटोच तसा आलाय, हा संशय राहत नाही.

झाडांच्या काही खुणा माणसाच्या वस्तूंत जाऊन बसतात. फेब्रुवारीत पान नसलेली, लाल फुलांनी भरलेली सावर डोंगराच्या पायथ्याशी दिसते; तिचा फोटो सगळेच काढतात. एप्रिल-मेमध्ये तिची बोंडं फुटून कापूस उडतो आणि गटाराच्या कडेला, कुंपणाच्या जाळीत साचतो. तो सूर्यासमोर धरून काढला तर आतलं काळं बी दिसतं. पण सावरीची तिसरी खूण काडेपेटीत होती. हलकं, सहज सोलता येणारं लाकूड म्हणून भारतात काड्यांसाठी ती वापरात आली, आणि स्वीडिश कंपनीने उभारलेला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथचाच. जुन्या घरात अशी पेटी सापडली तर काडीचा मॅक्रो फोटो काढून सावरीच्या वाळक्या फांदीशेजारी ठेवून पाहा.

कारवीचंही तसंच. सात वर्षांनी एकदा उतार जांभळे होतात तेव्हा गर्दी लोटते; बी धरून ती झुडपं एकदमच मरतात आणि त्यांच्या वाळक्या काठ्या उभ्या राहतात, त्या बघायला कोणी जात नाही. ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत या काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमातीचा लेप देतात. लेप जिथे निघाला असेल तिथे भिंतीत कारवीची पेरं मोजता येतात. मात्र भिंत कोणाच्या तरी घराची असते. आधी विचारावं, पाणी मागून प्यावं, गप्पा माराव्यात, मग कॅमेरा. आणि दुर्मिळ आमरी दिसली तर तिचा नेमका ठिकाणा गावभर करू नये. फोटोमागोमाग खुरपं घेऊन येणारेही असतात.

शेवटी शेवळं, कारण त्याला धीर लागतो. वळवाचे शिडकावे झाले की उघड्या जमिनीतून थेट फूल वर येतं, पान नसताना. मिटलेली शेवळं घेऊन आदिवासी बायका जूनमध्ये बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या बाजारात बसतात, सोबत काकडाची हिरवी फळं ठेवतात, कारण नुसतं शेवळं घशाला खाजतं. सीकेपी घरांत त्या दिवसांची वाट पाहिली जाते. रानात उमललेल्या शेवळ्याला सडका वास येतो आणि माश्या-किडे जमतात, म्हणून फोटो काढणारा नाक धरून काढतो. मग फूल जिरतं आणि काही आठवड्यांनी त्याच कंदातून एकच दांडा व छत्रीसारखं फाकलेलं पान वर येतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस या दोन वेगळ्या वनस्पतीच म्हणेल. त्या एकच आहेत हे दाखवायचं तर जूनमध्ये जिथे फूल टिपलं त्याच वितीवर ऑगस्टमध्ये परत जावं लागतं, आणि तोवर सभोवार गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. मोबाइलमधला नकाशा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. खुणेला काठी रोवू नका, गुराखी ती सरपणाला नेतो. जवळचा मोठा दगड बघून ठेवा आणि फूल, दगड आणि मागचं एखादं ऐनाचं झाड एका चौकटीत घ्या.